बॉस्टनचा सोनार

बॉस्टन शहरातील ललितकलांच्या संग्रहालयात एक जुने तैलचित्र आहे. चित्रात तेहेतीस-चौतीस वर्षांचा एक गृहस्थ मेजाशी बसला आहे. अंगात कोट नाही, मस्तकावर त्या काळच्या रिवाजाचा केसांचा टोप नाही; पांढरा सदरा आणि त्यावर उघडी बंडी, एवढाच पोशाख. डाव्या हातात चांदीची एक किटली आहे, उजवा हात हनुवटीला टेकला आहे आणि समोर मेजावर खोदकामाची हत्यारे पडली आहेत. किटलीचे घडकाम पुरे झाले आहे. तिच्यावर नक्षी कोरावयाची तेवढी राहिली आहे. जॉन सिंगलटन कॉप्ली ह्या नामवंत चित्रकाराने हे चित्र १७६८ च्या सुमारास काढले. कॉप्लीसमोर बसणारी मंडळी बहुधा व्यापारी, धर्मोपदेशक, अंमलदार अशी असत आणि ती आपली उंची वस्त्रे घालून बसत. कारागिराने कारागिराच्याच वेषात, हातातले काम खाली न ठेवता चित्रात बसावे, ही गोष्ट त्या काळी विरळाच होती. हा गृहस्थ म्हणजे बॉस्टनचा सोनार पॉल रिव्हिअर.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात रिव्हिअरचे नाव एका रात्रीमुळे अमर झाले. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री तो घोड्यावर बसून निघाला आणि इंग्रज फौज येत असल्याची वार्ता त्याने गावोगाव पोहोचविली, एवढे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु माणसाचे आयुष्य एका रात्रीचे नसते. रिव्हिअर ८३ वर्षे जगला. ऐरण, मूस आणि कोरणी ह्यांच्या संगतीत त्याची बहुतेक वर्षे गेली. पाठीशी मोठा संसार असलेला, गिऱ्हाइकांच्या मर्जीवर ज्याचे पोट अवलंबून आहे, असा एक कारागीर राजसत्तेविरुद्ध उभा राहतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न त्या एका रात्रीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

पॉलचा बाप मूळचा फ्रान्समधला. त्याचे नाव अपोलोस रिव्हवार. फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ चालला होता, म्हणून घरच्यांनी ह्या तेरा वर्षांच्या पोराला १७१५-१६ च्या सुमारास सातासमुद्रांपलीकडे बॉस्टनला पाठविले. तेथे जॉन कोनी नावाच्या कसबी सोनाराकडे तो उमेदवारीस राहिला. १७२२ मध्ये धनी वारला, तेव्हा राहिलेल्या मुदतीचे पैसे भरून अपोलोसने आपली सुटका करून घेतली आणि स्वतःचे दुकान थाटले. इंग्रजांच्या जिभेला त्याचे फ्रेंच नाव वळेना, म्हणून त्याने ते ‘पॉल रिव्हिअर’ असे करून टाकले. बॉस्टनच्याच एका घराण्यातील डेबोरा हिचबॉर्न हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांच्या मुलाचा, म्हणजे आपल्या चरित्रनायकाचा, बाप्तिस्मा नव्या पंचांगाप्रमाणे १ जानेवारी १७३५ रोजी झाला. बापाचे नाव त्याला मिळाले आणि पुढे बापाचा धंदाही मिळाला. लिहिण्या-वाचण्यापुरते शिक्षण झाल्यावर तो बापाच्या हाताखाली बसला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना काही सवंगड्यांबरोबर तो ख्राइस्ट चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाजविण्याचे काम करी. पुढे त्याच्या आयुष्यातील मोठ्या रात्री ह्याच मनोऱ्याला काम करावयाचे होते.

१७५४ साली बाप वारला, तेव्हा पॉल एकोणीस वर्षांचा होता. कायद्याने तो अजून अज्ञान होता. परंतु आई आणि भावंडे ह्यांचा भार त्याच्यावरच आला. मधल्या काळात फ्रेंचांविरुद्धच्या एका मोहिमेत तो तोफखान्याचा कनिष्ठ अधिकारी म्हणून गेला आणि परत येऊन पुन्हा ऐरणीशी बसला. १७५७ मध्ये सारा ऑर्न हिच्याशी त्याचे लग्न झाले. तिला आठ अपत्ये झाली. १७७३ मध्ये ती निवर्तल्यावर रेचेल वॉकर हिच्याशी त्याने दुसरा विवाह केला आणि तिलाही आठच अपत्ये झाली. ह्या सोळांपैकी पाच लहानपणीच दगावली. नॉर्थ स्क्वेअरमधील जे लाकडी घर त्याने १७७० मध्ये विकत घेतले, ते त्या वेळीच नव्वद वर्षांचे जुने होते. ते अद्यापि उभे असून १९०८ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.

सोनाराचा धंदा हा त्या काळी नुसता दागिन्यांचा धंदा नव्हता. बॉस्टनमध्ये पेढी नव्हती. घरात नाणी साठली तर ती चोरीस जात, आणि चोरीचे नाणे ओळखणार कसे? म्हणून माणसे आपली चांदीची नाणी सोनाराकडे नेत. सोनार ती आटवून त्यांचा पेला, किटली किंवा तबक घडवी, त्यावर मालकाची आद्याक्षरे कोरी आणि तळाशी आपला ठसा मारी. अशी वस्तू सहज ओळखता येई आणि गरज पडली की पुन्हा आटविता येई. गिऱ्हाईक आपली शिल्लक सोनाराच्या मुशीत टाकून घरी जाई. त्यात हीण मिसळले की नाही हे त्याला दिसत नसे. त्याचा भरवसा त्या ठशावर असे. रिव्हिअरचा ठसा अशा भरवशाचा होता. ह्या भरवशामुळेच श्रीमंतांच्या दिवाणखान्यापासून गोदीवरच्या मजुरापर्यंत साऱ्या थरांत त्याची ओळख झाली, आणि राजकारणात पुढे तिचाच उपयोग झाला.

परंतु १७६० नंतरचे दिवस वाईट आले. फ्रेंचांशी चाललेले युद्ध संपले, व्यापार मंदावला आणि १७६५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने स्टँप अॅक्ट लादला. वर्तमानपत्र असो, करारपत्र असो, प्रत्येक कागदावर कर. ज्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही, तिने हा कर बसवावा, ह्याची चीड सर्वत्र पसरली. त्याच वर्षी कर्जापायी रिव्हिअरच्या मालमत्तेवर जप्ती येण्याची पाळी आली. त्याने मोठ्या मिनतवारीने ती टाळली आणि पोटासाठी हाताला येईल ते काम धरले. तांब्याच्या पत्र्यांवर खोदकाम करून तो चित्रे आणि गाण्यांची पुस्तके छापू लागला. काही काळ हस्तिदंताचे खोटे दात तारेने बसवून देण्याचेही काम त्याने केले आणि त्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांत दिल्या. राजकारणातील तत्त्व आणि घरातील तंगी ह्या दोन्ही गोष्टी त्याला एकदमच भेटल्या. ‘स्वातंत्र्याचे पुत्र’ म्हणविणाऱ्या मंडळींत तो सामील झाला. डॉक्टर जोसेफ वॉरन, सॅम्युअल अॅडम्स, जॉन हॅनकॉक हे त्या मंडळींचे पुढारी होते. त्यांच्या हाती लेखणी होती, वाणी होती. कारखान्यांतील आणि गोदीवरील माणसांशी त्यांचा सांधा जुळवावयास रिव्हिअरसारखा माणूस हवा होता.

१७६८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने करांविरुद्ध एक परिपत्रक काढले. ते मागे घ्यावे, असा राजाज्ञेचा हुकूम आला. ९२ सभासदांनी तो धुडकावून लावला. त्यांच्या सन्मानार्थ रिव्हिअरने चांदीचा एक मोठा वाडगा घडविला. त्यावर तो करविणाऱ्या पंधरा जणांची नावे कोरली आहेत. राजद्रोह ठरू शकेल अशा गोष्टीवर स्वतःची नावे चांदीत कोरून घेणारी ही माणसे आणि त्या चांदीवर आपला ठसा मारणारा हा सोनार, दोघांनीही परतीची वाट बंद करून घेतली होती.

रिव्हिअरचे सारेच काम निष्कलंक होते असे मात्र नव्हे. ५ मार्च १७७० रोजी बॉस्टनच्या रस्त्यात जमाव आणि इंग्रज शिपाई ह्यांची बाचाबाची झाली. शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे प्राणास मुकली. त्यांत क्रिस्पस अॅटक्स हा आफ्रिकी वंशाचा खलाशीही होता. थोड्याच दिवसांत रिव्हिअरने ह्या प्रसंगाचे चित्र खोदून बाजारात आणले. चित्रात शिपाई ओळीने उभे आहेत, अधिकारी तलवार उंचावून हुकूम देत आहे, नागरिक निःशस्त्र आणि शांत आहेत. मागच्या इमारतीवर ‘खाटीकखाना’ अशा अर्थाची पाटीही त्याने लावली. वस्तुतः तेथे गोंधळ होता, बर्फाचे गोळे आणि दांडकी ह्यांचा मारा होता. न्यायालयात शिपायांचे वकीलपत्र पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अॅडम्सनेच घेतले आणि बहुतेक शिपाई निर्दोष सुटले. शिवाय त्या चित्राची मूळ कल्पना रिव्हिअरची नव्हती. कॉप्लीचा सावत्र भाऊ हेन्री पेलम ह्याच्या चित्रावरून त्याने ते उचलले होते आणि पेलमने पत्र लिहून त्याला ह्याचा कडक जाबही विचारला. चांदीत हीण न मिसळणाऱ्या ह्या माणसाने सत्यात मात्र थोडे हीण मिसळले. त्या चित्राने वसाहतींत जो वणवा पेटविला, तो कोणत्याही व्याख्यानाने पेटला नसता, हेही तितकेच खरे.

ह्यानंतरच्या प्रसंगाचा धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. १७७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल उजाड झाला, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार कर्जात रुतला आणि तिच्या लंडनमधील वखारींत न विकलेल्या चिनी चहाचे ढीग साठले. कंपनीस सावरण्यासाठी पार्लमेंटने १७७३ साली कायदा करून तिला अमेरिकेत थेट चहा विकण्याची मुभा दिली. चहावरचा कर मात्र कायम ठेवला. चहा स्वस्त होणार होता. पण तो विकत घेणे म्हणजे कर मान्य करणे होते. जहाजे बॉस्टनच्या बंदरात लागली. चहा उतरू नये म्हणून जो पहारा बसला, त्यात रिव्हिअर होता. १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. गंमत अशी, की त्याच वर्षी एका राजनिष्ठ डॉक्टराच्या लग्नासाठी रिव्हिअरने चहाच्या भांड्यांचा एक मोठा संच घडविला होता आणि इतके मोठे काम त्याला दुसरे कधी मिळाले नाही. गिऱ्हाइकाचे मत विचारून त्याने चांदी घडविली नाही, आणि गिऱ्हाइकाच्या भीतीने स्वतःचे मतही सोडले नाही.

चहा बुडाल्यावर दुसऱ्याच दिवशी ही वार्ता घेऊन तो घोड्यावरून न्यूयॉर्कला गेला. तेव्हापासून त्याच्या घोडदौडीचे पर्व सुरू झाले. इंग्लंडने सूड म्हणून बॉस्टनचे बंदर बंद केले. १७७४ च्या सप्टेंबरात निषेधाचे ठराव घेऊन तो फिलाडेल्फियास भरलेल्या काँग्रेसकडे पाचसहा दिवसांत पोहोचला. त्याच वर्षी १३ डिसेंबरला ऐन हिवाळ्यात तो उत्तरेस पोर्ट्‌स्मथला गेला आणि तेथील किल्ल्यातील दारूगोळा ताब्यात घेण्यास इंग्रज येत असल्याची सूचना त्याने दिली. दुसऱ्याच दिवशी तेथील लोकांनी किल्ल्यात शिरून दारू हलविली. तेव्हा एप्रिलची ती प्रसिद्ध दौड त्याची पहिली नव्हती. कोणत्या गावात कोणाचे दार ठोठवावे, हे त्याला आधीच पाठ होते.

ह्याच हिवाळ्यात बॉस्टनमधील तीसांहून अधिक माणसांनी एक गुप्त मंडळी स्थापन केली. तीत बहुतेक सारे कारागीर होते. दोघादोघांनी मिळून रात्रभर रस्त्यांतून हिंडावयाचे, इंग्रज शिपायांच्या हालचालींवर नजर ठेवावयाची आणि ‘ग्रीन ड्रॅगन’ नावाच्या खाणावळीत एकत्र यावयाचे, हा त्यांचा क्रम. प्रत्येक बैठकीत बायबलवर हात ठेवून शपथ घेतली जाई, की येथील गोष्ट हॅनकॉक, अॅडम्स, वॉरन, डॉक्टर चर्च आणि आणखी एखाद्-दुसरा गृहस्थ सोडून कोणासही सांगावयाची नाही. तरीही गुप्त बैठकीतील बोलणे दुसऱ्या दिवशी इंग्रज सेनापती गेज ह्याच्या कानी जाई. विश्वासघात कोण करतो ते कळेना. तो करणारा शपथेत ज्याचे नाव होते तोच डॉक्टर बेंजामिन चर्च होता. हातावर पोट असलेली तीस माणसे मुकी राहिली आणि पुढाऱ्यांपैकी एक सुशिक्षित माणूस विकला गेला.

१७७५ च्या एप्रिलमध्ये कॉन्कॉर्ड गावी साठविलेला दारूगोळा नष्ट करण्याची तयारी गेजने चालविल्याचे दिसू लागले. १६ तारखेस रिव्हिअर लेक्सिंग्टनला जाऊन आला. अॅडम्स आणि हॅनकॉक तेथे उतरले होते. परत येताना नदीपलीकडच्या चार्ल्सटाउनच्या मंडळींशी त्याने संकेत ठरविला : फौज जमिनीच्या वाटेने निघाली तर ख्राइस्ट चर्चच्या मनोऱ्यात एक कंदील, पाण्यावरून निघाली तर दोन. बॉस्टनबाहेर पडणे कदाचित शक्य होणार नाही, निरोप्या पकडला जाईल, पण उजेड पकडता येणार नाही, असा त्यामागील विचार होता. म्हणजे ते कंदील रिव्हिअरला दिसावेत म्हणून नव्हते. रिव्हिअरनेच ते इतरांसाठी लावविले होते.

१८ तारखेस रात्री दहाच्या सुमारास वॉरनने त्याला बोलावून घेतले. विल्यम डॉज नावाच्या चर्मकाराला त्याने आधीच जमिनीच्या वाटेने रवाना केले होते. एक निरोप दोन माणसांनी दोन वाटांनी न्यावयाचा, ही दक्षता. रिव्हिअरने कंदिलांची व्यवस्था केली. चर्चचा सेवक रॉबर्ट न्यूमन मनोऱ्यावर चढला. दोघा मित्रांनी रिव्हिअरला होडीतून पलीकडे नेले. ‘सॉमरसेट’ ही इंग्रजांची युद्धनौका प्रवाहात उभी होती आणि चंद्र नुकताच उगवत होता. चार्ल्सटाउनला लार्किन नावाच्या गृहस्थाचा चपळ घोडा तयार होता. अकराच्या सुमारास रिव्हिअर निघाला.

त्या वाटेतील एक गोष्ट त्याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. दोन इंग्रज घोडेस्वार आडवे आले, ती जागा सांगताना तो म्हणतो, की पूर्वी मार्कला जेथे साखळदंडांत टांगले होते त्याच्या समोर. मार्क हा एक गुलाम होता. धन्याला विष घातल्याच्या आरोपावरून १७५५ मध्ये त्याला फाशी दिली होती आणि इतरांना दहशत बसावी म्हणून त्याचे प्रेत वाटेवर टांगून ठेवले होते. वीस वर्षांनंतरही ती जागा खुणेची म्हणून ओळखली जात होती. स्वातंत्र्याचा निरोप नेणारा घोडा एका गुलामाच्या फाशीच्या जागेवरून गेला. रिव्हिअरने खूण म्हणून ते नाव लिहिले आणि तो पुढे सरकला. त्या क्रांतीने कोणास मुक्त केले आणि कोणास नाही, ह्याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

घोडेस्वारांना हुलकावणी देऊन रिव्हिअरने मेडफर्डची वाट धरली आणि तेथील नागरिक-सैनिकांच्या कप्तानाला जागे केले. पुढे लेक्सिंग्टनपर्यंत जवळजवळ प्रत्येक घराला सूचना देत तो गेला. ‘इंग्रज आले’ असे तो ओरडला नाही, कारण ते लोक स्वतःला अजून इंग्रजच समजत होते; ‘सरकारी फौज निघाली आहे’ असा त्याचा निरोप होता. एका गावाने तो निरोप ऐकला की तेथून दुसरे स्वार निघत, घंटा वाजत, बंदुकीचे बार होत. मध्यरात्रीच्या सुमारास तो धर्मोपदेशक क्लार्क ह्यांच्या घरी पोहोचला. पहाऱ्यावरच्या माणसाने गडबड करू नका म्हणून बजावले, तेव्हा थोड्याच वेळात पुरेशी गडबड ऐकावयास मिळेल, असे त्याने उत्तर दिले.

अर्ध्या तासाने डॉज आला. दोघे कॉन्कॉर्डकडे निघाले. वाटेत डॉक्टर सॅम्युअल प्रेस्कट त्यांना मिळाला. लिंकन गावाजवळ इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना गाठले. प्रेस्कट दगडी गडगा ओलांडून निसटला आणि कॉन्कॉर्डला निरोप पोहोचला तो त्याच्यामुळे. डॉजही सुटला. रिव्हिअर सापडला. कपाळाला पिस्तूल लावून त्याला प्रश्न विचारले गेले. त्याने आपले नाव आणि आपले काम सरळ सांगितले, आणि थोड्याच वेळात येथे पाचशे माणसे जमतील असेही बजावले. लेक्सिंग्टनकडून बंदुकांचे आवाज येऊ लागले, तेव्हा अधिकारी बिचकले. त्याचा घोडा काढून घेऊन त्यांनी त्याला सोडून दिले. इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध घोडेस्वार त्या रात्री स्मशानातून वाट काढीत पायीच परतला. पहाटे हॅनकॉकच्या कागदपत्रांची पेटी एका कारकुनाबरोबर उचलून तो लेक्सिंग्टनच्या मैदानावरील सैनिकांतून चालला असताना पहिला बार झाला. तेथे आठ नागरिक-सैनिक पडले. त्या दिवशी कॉन्कॉर्डहून परत जाताना इंग्रजांचे ७३ शिपाई कामास आले. अवघ्या एक महिन्याने, १८ मे १७७५ रोजी, गुजरातेत अडासच्या रणावर राघोबादादांना हाताशी धरून त्याच ईस्ट इंडिया कंपनीची फौज पेशव्यांच्या सैन्याशी झुंजत होती.

रिव्हिअर बॉस्टनला परत जाऊ शकला नाही. बायकामुले वेढ्यात अडकली. रेचेलने नवऱ्यासाठी १२५ पौंड आणि एक चिठ्ठी पाठविण्याचे ठरविले, आणि घरोब्यातला माणूस म्हणून ती दिली डॉक्टर चर्चकडे. ती चिठ्ठी पुढे सापडली ती जनरल गेजच्या दप्तरात. ह्या काळात रिव्हिअरने प्रांतिक सरकारच्या नोटांसाठी ताम्रपट खोदले. तांबे मिळेना, म्हणून हार्व्हर्ड विद्यालयाच्या आपल्याच जुन्या चित्राचा पत्रा कापून त्याच्या पाठीवर त्याने नोट कोरली. दारूचा कारखाना कसा असतो हे पाहण्यासाठी तो फिलाडेल्फियास गेला आणि त्या पाहणीच्या बळावर कँटन येथे दारूचा कारखाना उभा राहण्यास साहाय्य झाले.

जोसेफ वॉरन १७ जून १७७५ रोजी बंकर हिलच्या लढाईत पडला आणि शत्रूने त्याला तेथेच पुरले. पुढल्या वसंतात इंग्रज बॉस्टन सोडून गेल्यावर मित्रांनी ते प्रेत उकरले. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. रिव्हिअरने जबड्यातील तारेने बांधलेले खोटे दात पाहिले आणि ते आपल्या हातचे काम आहे हे ओळखले. दहा महिन्यांनी पुन्हा पाहिलेल्या त्या कामानेच मित्राचा पत्ता लागला.

युद्धात त्याच्या वाट्यास मोठी कीर्ती आली नाही. बदनामी मात्र आली. १७७९ साली पेनॉब्स्कॉट उपसागरातील इंग्रजांचे ठाणे उठविण्यासाठी मॅसॅच्युसेट्सने सुमारे चाळीस जहाजांचा ताफा धाडला. रिव्हिअर तोफखान्याचा प्रमुख होता. सरदारांत एकमत नव्हते. दिवस वाया गेले. ऑगस्टमध्ये इंग्रजांची कुमक आली आणि आपलीच जहाजे जाळून सैन्याला अरण्यातून पायी परतावे लागले. अपयशाचे खापर कोणाच्या तरी माथी फुटावयाचे होते. रिव्हिअरवर आज्ञाभंगाचा आणि भित्रेपणाचा आरोप आला. पळापळीत एक होडी मागितली असता त्याने प्रथम नकार दिला, ही जनरल पेलेग वॉड्‌स्‌वर्थची मुख्य तक्रार होती. रिव्हिअरची अधिकारपदावरून उचलबांगडी झाली. त्याने गप्प बसून लोकांना विसरू दिले असते तर कदाचित ते सोपे गेले असते. त्याने तसे केले नाही. लष्करी न्यायालयापुढे आपली चौकशी व्हावी, असे अर्ज तो पुन्हा पुन्हा करीत राहिला. अखेर १७८२ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. होडी शेवटी दिली गेलीच होती, हे न्यायालयाने मान्य केले. ज्याचा धंदा नावाच्या ठशावर चालतो, त्याला नावावरचा डाग अडीच वर्षे सहन झाला नाही, हे उघड आहे.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो दुकानात परतला, आणि त्याच्या आयुष्याचा कदाचित सर्वांत फलदायी भाग येथून सुरू झाला. हातोडीने ठोकून चांदी पसरविण्याऐवजी लाटण्याच्या यंत्रातून पत्रे काढून त्यांच्या किटल्या तो घडवू लागला. १७८८ मध्ये त्याने ओतकामाचा कारखाना काढला. १७९२ मध्ये पहिली घंटा ओतली. तिचा नाद कर्कश होता, असे समकालीनांनी नमूद केले आहे. त्याने ओतकाम सोडले नाही. त्याच्या कारखान्यातून पुढे शेकडो घंटा बाहेर पडल्या. १७९५ मध्ये कारागिरांची एक साहाय्यक संस्था स्थापन झाली, तिचा तो पहिला अध्यक्ष होता.

त्या काळी लाकडी जहाजांचे तळ समुद्रातील किडे पोखरून टाकीत आणि त्यावर तांब्याचा पत्रा मढविणे हाच उपाय होता. तो पत्रा इंग्लंडहून येई. ज्या देशाशी लढून स्वातंत्र्य मिळविले, त्याच देशाच्या तांब्यावर आपले आरमार तरंगावे, ही विसंगती ह्या म्हाताऱ्या कारागिराला खटकली. १८०१ मध्ये, पासष्टी उलटल्यावर, आपली सारी पुंजी पणास लावून त्याने कँटन येथे जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागी तांबे लाटण्याचा कारखाना उभारला. सरकारने १०,००० डॉलर कर्ज आणि तांबे दिले. पुढील दोन वर्षांत बॉस्टनच्या विधिमंडळगृहाचा घुमट आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या प्रसिद्ध युद्धनौकेचा तळ त्याच्या पत्र्यांनी मढविला गेला. राजाच्या फौजेविरुद्ध धावून जे स्वातंत्र्य त्याने मागितले होते, त्याचा दुसरा अर्धा भाग त्याने भट्टीजवळ उभे राहून पुरा केला.

१० मे १८१८ रोजी पॉल रिव्हिअर मृत्यू पावला. वर्तमानपत्रांनी त्याच्या कर्तृत्वाचा, उद्योगाचा आणि सचोटीचा गौरव केला. त्या मृत्युलेखांत एप्रिलच्या दौडीचा उल्लेख नव्हता. त्याच्या गावास तो घोडेस्वार म्हणून आठवत नव्हता, भरवशाचा कारागीर म्हणून आठवत होता. पुढे चार दशकांनी, देश यादवीच्या उंबरठ्यावर असताना, हेन्री वॉड्‌स्‌वर्थ लाँगफेलो ह्या कवीने त्या दौडीवर एक कविता रचली आणि ती १८६१ च्या आरंभी प्रसिद्ध होताच घरोघर पोहोचली. तीत रिव्हिअर एकटा आहे. तो पलीकडच्या तीरावर कंदिलांची वाट पाहत उभा आहे. तो कॉन्कॉर्डला पोहोचतो. डॉज नाही, प्रेस्कट नाही, होडी वल्हविणारे दोघे नाहीत. विशेष हे, की ज्या पेलेग वॉड्‌स्‌वर्थने रिव्हिअरवर आरोप केला होता, तो ह्या कवीच्या आईचा बाप. आजोबाने ज्याचे नाव काळवंडविले, त्याला नातवाने अमर केले. दोन्ही वेळा सत्याला थोडा धक्का लागलाच.

कवितेतील एकाकी वीर आणि इतिहासातील कारागीर ह्यांत निवड करावयाची झाली, तर इतिहासातला माणूसच अधिक मोठा वाटतो. त्याचा निरोप पोहोचला तो घोड्याच्या वेगामुळे नव्हे. वाटेवरच्या माणसांनी मध्यरात्री दार उघडून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून. तो विश्वास एका रात्रीत मिळालेला नव्हता. कित्येक वर्षे मुशीसमोर, मेजासमोर, चौकात आणि खाणावळीत तो थोडाथोडा साठत आला होता. त्याने घडविलेली चांदीची भांडी आजही जपून ठेवलेली आढळतात, आणि तळाशी पाहिले तर ठसा अजून स्पष्ट वाचता येतो.